२०२४ ची लोकसभा आणि जुन्या टर्निंग पॉइंट निवडणुका: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

४ जून २०२४ ला निकाल लागला आणि त्या संध्याकाळपासूनच कोणी म्हणायला लागलं ७७ परत आलं, कोणी म्हणालं छे, हे तर ८९ आहे, कोणी म्हणालं काहीच बदललेलं नाही, तेच पंतप्रधान तिसऱ्यांदा आलेत. हे प्रश्न अजूनही येत राहतात म्हणून उत्तरं एका जागी लिहून ठेवतोय.

टर्निंग पॉइंट निवडणूक नक्की कशाला म्हणायचं?

सरकार बदललं की टर्निंग पॉइंट असं बरेच जण धरून चालतात, मला ते पटत नाही. माझ्या मते ज्या निवडणुकीनंतर राजकारण खेळायची पद्धतच बदलते, म्हणजे पक्षांना युती करताना, तिकीट देताना, कायदे करताना आधीसारखं वागताच येत नाही, ती निवडणूक टर्निंग पॉइंट. आणि हे निकालाच्या रात्री कळत नाही, निदान पुढची एक लोकसभा होऊ द्यावी लागते. सरकार न बदलताही असं होऊ शकतं, १९६७ ला तसंच झालं.

२०२४ ला काय झालं ते आधी आकड्यात सांगा ना.

१९ एप्रिल ते १ जून, सात टप्पे. भाजप २४०, काँग्रेस ९९, समाजवादी पार्टी ३७, तृणमूल २९, द्रमुक २२, तेलुगू देसम १६, जेडीयू १२. एनडीए मिळून २९३. बहुमताला २७२ लागतात म्हणजे भाजप एकट्याच्या जीवावर ३२ ने कमी पडला, २०१९ ला त्यांचे ३०३ होते. काँग्रेस ५२ वरून ९९ वर आली आणि दहा वर्षं रिकामं असलेलं लोकसभेतलं विरोधी पक्षनेतेपद परत भरलं गेलं.

हे १९७७ सारखं आहे का?

नाही. हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो म्हणून जरा सविस्तर सांगतो.

७७ ला इंदिरा गांधींनी १८ जानेवारीला निवडणूक जाहीर केली तेव्हा आणीबाणी चालूच होती, विरोधी नेते नुकते तुरुंगातून सुटत होते, आणि दोन महिन्यांच्या आत मार्चमध्ये मतदान झालंसुद्धा. एवढ्या कमी वेळात जनसंघ, समाजवादी, संघटना काँग्रेस (१९६९ च्या फुटीतला इंदिराजींच्या विरोधातला गट) आणि भारतीय लोकदल हे एकमेकांना पाण्यात बघणारे पक्ष एका झेंड्याखाली आले, मग फेब्रुवारीत जगजीवनराम काँग्रेस सोडून बाहेर पडले आणि हवा एकदम फिरली. निकाल काय लागला तर उत्तर प्रदेशात ८५ पैकी काँग्रेस शून्य, बिहारमध्ये ५४ पैकी शून्य, रायबरेलीत खुद्द पंतप्रधान राजनारायण यांच्याकडून ५५,२०२ मतांनी पडल्या, अमेठीत संजय गांधी पडले. एवढा सपाटून पराभव देशात त्याआधी कोणी बघितलाच नव्हता, स्वातंत्र्यानंतर तीस वर्षं केंद्रात एकच पक्ष होता.

आता २०२४ बघा. सत्ताधारी पक्ष हरला नाही, सगळ्यात मोठा पक्ष तोच राहिला, पंतप्रधान तेच राहिले. उत्तर प्रदेशात धक्का बसला हे खरं, ८० पैकी भाजप ६२ वरून ३३ वर आला, अयोध्या ज्या फैजाबाद मतदारसंघात येते तिथे समाजवादीचे अवधेश प्रसाद निवडून आले, पण त्याच निवडणुकीत ओडिशात भाजपने २१ पैकी २० घेतल्या आणि केरळमध्ये त्रिशूरला पहिल्यांदा लोकसभेचं खातं उघडलं. ७७ ला सुद्धा देश असाच दुभंगला होता ही गोष्ट लोक विसरतात, तेव्हा आंध्रात काँग्रेसने ४२ पैकी ४१ जिंकल्या होत्या, कर्नाटकात २८ पैकी २६. म्हणजे उत्तर एकीकडे आणि दक्षिण दुसरीकडे. तेवढंच साम्य म्हणायचं तर म्हणा.

७७ ला महाराष्ट्रात काय झालं होतं?

काँग्रेस ४८ पैकी २० वर आली. जनता १९, शेकाप ५, मार्क्सवादी ३ आणि रिपब्लिकन १. मुंबईच्या सहाच्या सहा जागा काँग्रेसच्या हातातून गेल्या. मृणालताई गोरे आणि अहिल्याताई रांगणेकर दोघी मुंबईतून दिल्लीत गेल्या आणि तेव्हाची घोषणा अजूनही जुन्या लोकांच्या तोंडावर आहे, "पाणीवाली बाई दिल्लीत, दिल्लीवाली बाई पाण्यात". गोरेगावात पाण्याच्या प्रश्नावर हंडे घेऊन मोर्चे काढणाऱ्या मृणालताईंना लोकांनी लोकसभेत पाठवलं हे त्या एका ओळीत सगळं येतं, कुठल्याही विश्लेषणापेक्षा ती ओळ ७७ चं वातावरण जास्त नीट सांगते.

पण जनता सरकार तर अडीच वर्षांत पडलं, मग ७७ ला टर्निंग पॉइंट का म्हणायचं?

कारण सरकार पडलं तरी नियम टिकले. जनता सरकारने ४४ वी घटनादुरुस्ती केली, त्यात आणीबाणी लावण्याच्या कारणातलं "अंतर्गत अशांतता" काढून तिथे "सशस्त्र बंड" घातलं, त्यामुळे ७५ सारखी आणीबाणी लावणं फार अवघड झालं. १९८० च्या जानेवारीत इंदिराजी ३५३ जागा घेऊन परत आल्या, तीन वर्षांपूर्वी ज्यांना लोकांनी घरी बसवलं त्यांनाच परत आणलं, तरी ती दुरुस्ती कोणी उलटवली नाही. शिवाय दिल्लीतलं सरकार मतपेटीतून घालवता येतं हे एकदा मतदाराला कळलं ते कळलंच, ते कोणाला परत पुसता आलं नाही.

मग २०२४ ला सगळ्यात जवळची निवडणूक कोणती?

१९६७. यावर लोक नाक मुरडतात कारण ६७ फारशी कोणाला आठवत नाही, पण मला ही तुलना मनापासून महत्त्वाची वाटते.

तेव्हाची परिस्थिती अशी होती की नेहरू गेलेले, शास्त्रीजी गेलेले, चीन आणि पाकिस्तानशी दोन युद्धं होऊन गेलेली, बिहारमध्ये दुष्काळ, धान्य बाहेरून आणावं लागत होतं, जून १९६६ मध्ये रुपयाचं अवमूल्यन झालं आणि डॉलर ४.७६ रुपयांवरून थेट ७.५० वर गेला. महागाईने लोक वैतागलेले. अशात काँग्रेस लोकसभेत ३६१ वरून २८३ वर आली, म्हणजे ७८ जागा गेल्या. सरकार वाचलं, ५२० च्या सभागृहात बहुमत होतं, इंदिरा गांधीच पंतप्रधान राहिल्या. वरवर बघितलं तर काहीच झालं नाही.

पण खाली सगळं हललं होतं. मद्रासमध्ये द्रमुक आला आणि तिथे काँग्रेसचा मुख्यमंत्री त्यानंतर आजपर्यंत झालेला नाही. कामराज स्वतः काँग्रेसचे अध्यक्ष असताना आपल्याच गावात, विरुदुनगरला, एका विद्यार्थी नेत्याकडून विधानसभेला पडले. दक्षिण मुंबईत स. का. पाटील, ज्यांना मुंबईचे अनभिषिक्त सम्राट म्हणायचे, त्यांना जॉर्ज फर्नांडिस नावाच्या तरुण कामगार नेत्याने पाडलं. काही महिन्यांत अशी वेळ आली की अमृतसरहून गाडीत बसून कलकत्त्याला जाताना वाटेत एकही काँग्रेसचं राज्य लागत नाही असं लोक बोलायला लागले. संयुक्त विधायक दलाची, म्हणजे काँग्रेसविरोधी पक्षांच्या आघाडीची सरकारं आली, आमदार इकडून तिकडे उड्या मारायला लागले, "आयाराम गयाराम" हा शब्द त्याच वर्षी हरियाणातून आला, आणि त्यावरचा पक्षांतरबंदी कायदा यायला १९८५ उजाडलं. दोन वर्षांत, १९६९ ला, खुद्द काँग्रेसचे दोन तुकडे झाले.

२०२४ शी साम्य इथे आहे. सत्ताधारी वाचले पण यांना कोणी हरवूच शकत नाही ही समजूत मोडली. ६७ ला ७८ जागा गेल्या, २०२४ ला ६३ गेल्या. एक मोठा फरक मात्र आहे, ६७ ला राज्यं हातची गेली होती आणि २०२४ नंतर उलट झालं, ऑक्टोबरमध्ये हरियाणा, नोव्हेंबरमध्ये महाराष्ट्र, २०२५ च्या फेब्रुवारीत दिल्ली, तिन्हीकडे भाजप आणि मित्रपक्ष जिंकले. झारखंड आणि जम्मू-काश्मीर दुसऱ्या बाजूला गेले. त्यामुळे ६७ सारखी सुरुवात झाली, पुढचा रस्ता तसा गेला नाही.

भाजपची मतं फारशी कमी झाली नाहीत म्हणतात, मग ६३ जागा कशा गेल्या?

बरोबर आहे, २०१९ ला ३७.३६ टक्के होती, २०२४ ला ३६.५६. एक टक्कासुद्धा कमी नाही. आपल्याकडे ज्याला सगळ्यात जास्त मतं तो निवडून येतो, मग त्याला ३५ टक्के पडलेली असोत की ५५, त्यामुळे तुम्हाला किती मतं पडली यापेक्षा समोरच्यांची किती तुकड्यांत वाटली गेली यावर जास्त खेळ असतो.

जुने आकडे शेजारी ठेवा म्हणजे डोक्यात शिरेल. १९७७ ला काँग्रेसला ३४.५ टक्के मतं होती आणि जागा १५४, तो ऐतिहासिक पराभव. २०१४ ला भाजपला ३१ टक्के मतं होती आणि जागा २८२, तो ऐतिहासिक विजय. १९८९ ला राजीव गांधींच्या काँग्रेसला साडेएकोणचाळीस टक्के मतं मिळाली, म्हणजे भाजपला २०१९ ला मिळाली त्याहून जास्त, आणि तरी १९७ वर अडकून सत्ता गेली, कारण जनता दल, भाजप आणि डाव्यांनी कितीतरी ठिकाणी समोरासमोर एकच उमेदवार ठेवला होता.

२०२४ ला उत्तर प्रदेशात समाजवादी आणि काँग्रेस एकत्र लढले, ३७ अधिक ६ अशा ४३ जागा आल्या, आणि बसपा एकटी लढून शून्यावर राहिली. महाराष्ट्रात महाविकास आघाडी आणि महायुती यांच्या एकूण मतांत एक टक्क्याचंही अंतर नव्हतं पण जागा ३० आणि १७, उरलेली एक सांगलीला अपक्ष.

फक्त एकत्र आलं की झालं असंही समजू नका. १९७१ ला संघटना काँग्रेस, जनसंघ, स्वतंत्र पक्ष आणि संयुक्त समाजवादी पक्ष यांनी महाआघाडी केली होती, त्यांच्याकडे सांगायला इंदिरा हटाओ एवढंच होतं आणि समोरून "गरिबी हटाओ" आलं, इंदिराजींनी ३५२ जागा घेतल्या. बेरीज लागतेच, पण लोकांना सांगायला काहीतरी लागतं.

१९८४ तर सगळ्यात मोठा विजय होता, तो टर्निंग पॉइंट नाही का?

माझ्या हिशोबात नाही. ५१४ पैकी ४०४ जागा, जवळपास निम्मी मतं, इंदिराजींच्या हत्येनंतरची लाट, भाजप देशभरात फक्त दोन जागांवर, एक आंध्रात हनमकोंडा आणि दुसरी गुजरातेत मेहसाणा. पण पाचच वर्षांत ती लाट ओसरली आणि मागे राजकारणाची कुठलीही नवीन रचना राहिली नाही. आकडा मोठा म्हणून निवडणूक मोठी असं नसतं.

नेहरूंनंतर सलग तिसऱ्यांदा, ही तुलना योग्य आहे?

सलग तीन निवडणुका जिंकून तिसऱ्यांदा पंतप्रधान, एवढ्यापुरती योग्य आहे आणि ही साधी गोष्ट नाही, त्याचं श्रेय दिलंच पाहिजे. नेहरूंच्या काँग्रेसच्या जागा ३६४, ३७१, ३६१ अशा होत्या, तिन्ही वेळा एकहाती बहुमत. मोदींच्या भाजपच्या २८२, ३०३, २४०. तिसऱ्या वेळी मित्रपक्ष लागले. पण नेहरूंच्या काळात समोर विरोधी पक्ष नावालाच होता हेही लक्षात घ्या, त्यामुळे दोन्ही आकडे एकाच मापाने मोजू नयेत.

मग आघाड्यांचा काळ परत आला का, १९८९ सारखा?

अर्धवट. ८९ नंतर सलग पंचवीस वर्षं, २०१४ पर्यंत, एकाही पक्षाला एकट्याचं बहुमत मिळालं नाही. वाजपेयींचं पहिलं सरकार १९९६ ला तेरा दिवसांत गेलं आणि नंतरचं १७ एप्रिल १९९९ ला लोकसभेत एका मताने पडलं. आताचं सरकार तसं लटकत चाललेलं नाही, २४० चा पक्ष आणि १६-१२ चे मित्र यात मोठा भाऊ कोण हे स्पष्ट आहे. वागण्यात थोडा फरक दिसला, ऑगस्ट २०२४ मध्ये लॅटरल एंट्रीची, म्हणजे बाहेरच्या तज्ज्ञांना थेट वरच्या सरकारी पदांवर घ्यायची जाहिरात मागे घेतली, वक्फ विधेयक आधी संयुक्त समितीकडे पाठवलं. पण तेच वक्फ विधेयक एप्रिल २०२५ मध्ये मित्रपक्षांच्या मतांनी पासही झालं. त्यामुळे मित्रांनी हात बांधलेत असं मी तरी म्हणणार नाही.

एक्झिट पोल एवढे कसे चुकले?

१ जूनला संध्याकाळी बहुतेक सगळे एनडीएला साडेतीनशेच्या पुढे दाखवत होते, आले २९३. २००४ लाही असंच झालं होतं, "इंडिया शायनिंग" चालू होतं, वाजपेयी परत येणार असं सगळ्यांनी धरलेलं आणि काँग्रेस १४५, भाजप १३८. मतांचा अंदाज थोडासा जरी हलला तरी जागांचा अंदाज कुठच्या कुठे जातो, वर सांगितलं तेच कारण. त्यात नाराज माणूस अनोळखी माणसापुढे मोकळेपणाने बोलत नाही हेही असणार.

१९५२ ची पहिली निवडणूक या यादीत कुठे बसते?

सगळ्यात वर. बाकीच्या सगळ्या निवडणुका तिच्यामुळे झाल्या. १७ कोटींच्या वर मतदार, त्यातल्या बहुतेकांना लिहिता-वाचता येत नाही, म्हणून प्रत्येक उमेदवाराची वेगळी पेटी आणि पेटीवर चिन्ह, मतदाराने फक्त आपल्या चिन्हाच्या पेटीत कागद टाकायचा. ऑक्टोबर १९५१ ते फेब्रुवारी १९५२ एवढा काळ मतदान चाललं. त्यात डॉ. बाबासाहेब आंबेडकर उत्तर मुंबईतून पडले ही गोष्ट आजही बोचते.

एक गोष्ट खास सांगायची आहे. त्या वेळी खूप बायकांनी यादीत स्वतःचं नाव सांगितलं नाही, अमक्याची बायको, तमक्याची मुलगी एवढंच सांगितलं, आणि मुख्य निवडणूक आयुक्त सुकुमार सेन यांनी नावाशिवाय नोंद चालणार नाही असं ठरवलं, तेव्हा जवळपास २८ लाख बायकांची नावं यादीतून गेली. १९६२ ला पुरुषांच्या आणि बायकांच्या मतदानात जवळपास १७ टक्क्यांचं अंतर होतं. २०२४ ला ते अंतर उरलेलंच नाही, उलट बायका किंचित पुढे आहेत. हा बदल कुठल्या एका निवडणुकीत झाला नाही, साठ-सत्तर वर्षं हळूहळू होत आला, त्यामुळे त्याची हेडलाइन कधी झाली नाही, आणि मला विचाराल तर आपल्या लोकशाहीतला सगळ्यात मोठा टर्निंग पॉइंट हाच आहे. तरी लोकसभेत बायका निवडून आल्या फक्त ७४.

महाराष्ट्रात लोकसभेला आघाडी ३० आणि सहा महिन्यांत विधानसभेला ४६, मग लोकसभेचा निकाल खोटा होता का?

खोटा नव्हता, त्या वेळचा राग खरा होता. नाशिक आणि दिंडोरीत कांद्याने निकाल लावला, डिसेंबर २०२३ पासून निर्यातबंदी होती आणि ती उठली ४ मे ला, तोपर्यंत शेतकऱ्याचं नुकसान होऊन गेलेलं. मराठवाड्यात मराठा आरक्षणाचं आंदोलन होतं, तिथल्या आठ जागांपैकी महायुतीला फक्त छत्रपती संभाजीनगर मिळाली, जालन्यात रावसाहेब दानवे पडले, बीडमध्ये पंकजाताई मुंडे साडेसहा हजारांनी पडल्या. शिवसेना आणि राष्ट्रवादी फुटल्याचा सल होता तो वेगळाच.

नंतर जुलैपासून लाडकी बहीण आली, महिन्याला १५०० रुपये थेट खात्यात, महायुतीने लोकसभेच्या पराभवातून पटकन धडा घेतला आणि आघाडी मात्र जिंकलोच आहोत अशा थाटात जागावाटपावरून भांडत बसली. नोव्हेंबरला भाजप १३२, शिंदेसेना ५७, अजितदादा ४१. एवढ्या लवकर पारडं फिरलं याचाच अर्थ लोकसभेला मतदार एका बाजूने दुसऱ्या बाजूला कायमचा गेलेला नव्हता, तो नाराज होता आणि नाराजी दूर केली की परत आला. टर्निंग पॉइंटला मतदार हलतो आणि हललेलाच राहतो, इथे तसं झालं नाही.

एका मताने खरंच काही फरक पडतो का?

मुंबई उत्तर-पश्चिम बघा. ईव्हीएमच्या मोजणीत अमोल कीर्तिकर यांना ४,५१,०९५ आणि रवींद्र वायकर यांना ४,५१,०९४. नऊ लाखांच्या वर मतं मोजून फरक एक. मग पोस्टल मतं धरली, वायकरांची १,५५० आणि कीर्तिकरांची १,५०१, आणि वायकर ४८ मतांनी निवडून आले. एवढ्या मतांची तर एखादी मध्यम सोसायटी असते.

मग २०२४ टर्निंग पॉइंट होती की नाही, शेवटचं सांगा.

आज हो म्हणता येत नाही. ६७ चा अर्थसुद्धा ७१ आणि ७७ झाल्यावर कळला. मी स्वतः तीन गोष्टींवर लक्ष ठेवून आहे. पहिली, उत्तर प्रदेशात २०२४ ला जो दलित मतदार बसपा सोडून समाजवादी-काँग्रेसकडे गेला तो २०२७ च्या विधानसभेलाही तिथेच राहतो का. दुसरी, एक देश एक निवडणूक, डिसेंबर २०२४ मध्ये विधेयक मांडलं गेलंय आणि संयुक्त समितीकडे आहे, लोकसभा आणि राज्यांच्या निवडणुका देशभर एकत्र झालेली शेवटची निवडणूक हीच आपली १९६७, त्यामुळे हे झालं तर २०२४ नंतर लोकांनी सहा महिन्यांत जसं वेगळं मत दिलं तसं द्यायची संधीच राहणार नाही. तिसरी म्हणजे मतदारसंघांची फेररचना आणि तिच्याशी जोडलेलं महिला आरक्षण, त्यात उत्तर आणि दक्षिण यांच्या जागांचं प्रमाण बदललं तर ७७ ला आणि २०२४ ला दक्षिणेने जे वेगळं मत दिलं त्याचं दिल्लीतलं वजनच बदलेल.